चौकोनाखाली

बाळांनो, असं समजा, की एक शहर आहे. नखावर मावेल एवढं. त्यातले रस्ते केसाहून कितीतरी पट बारीक, आणि त्यांवरून माणसं नाही, वीज धावते. आता समजा, नवा नियम आला: दोन रस्त्यांमध्ये पूर्वीपेक्षा जास्त जागा सोडायची. शहर मात्र तेवढंच. करा बघू!

चिंगीची आई नेमकं हेच करत होती. चिपचा नकाशा जुना, कारखाना नवा, आणि त्याचे नियम कडक. एक तार सरकवली की शेजारची अडायची. तिला सरकवावं तर तिसरी. नियम मोडला की संगणक तिथे लाल ठिपका दाखवी. सकाळी तर पडद्याला गोवर निघाल्यासारखं दिसत होतं. आता एकच ठिपका उरला होता आणि तो काही केल्या हटत नव्हता.

शाळा सुटल्यावर चिंगी आईच्या ऑफिसात येऊन बसे. आज ती त्या ठिपक्याकडेच बघत होती. ही चिप कुठे बसणार, ते आईने तिला सांगितलं होतं. ज्यांचं हृदय चालता चालता अडखळतं, त्यांच्या छातीत.

तेवढ्यात आधी आईच्या साहेबांचा आवाज आला, मागून साहेब आले.

"अहो मॅडम, कारखाना खोळंबलाय! किती राहिलं?"

"एकच जागा, साहेब. दोन तारा फार जवळ आहेत. उद्यापर्यंत वेळ दिलात तर..."

"उद्या? राईचा पर्वत करू नका. जुन्या चिपमध्ये चाललंच ना इतकी वर्षं? टाका तिथे चौकोन आणि मोकळ्या व्हा."

"ते जुन्या कारखान्यात, साहेब. इथे त्या दोन तारा चिकटल्या तर?"

"जमत नसेल तर तसं सांगा. तुमच्या खुर्चीसाठी बाहेर रांग लागलीय."

आई पडद्याकडे वळली. तिने त्या जागेवर एक चौकोन काढला. ठिपका गेला. पडदा धुतल्यासारखा स्वच्छ झाला.

"झालं दुरुस्त?" चिंगीने कुजबुजत विचारलं.

"नाही गं. चौकोन काढला की संगणक तिथे बघतच नाही."

"मग खाली तारा तशाच?"

"तशाच."

"पण चिप बनल्यावर कुणीतरी तपासेल ना?"

"तपासतात. पण असला दोष तेव्हा दिसेलच असं नाही." आईचा आवाज अगदी खाली गेला. "कळेल तेव्हा ती कुणाच्या तरी छातीत असेल, बाळा."

"पाठवा!" साहेब म्हणाले.

आईचं बोट बटणाकडे गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं. आईलाही कुणाची भीती वाटते, हे चिंगीला आजवर माहीत नव्हतं. साहेबांकडे बघायची तिची छाती होईना.

तरी ती उठली. आपली खुर्ची खरखर ओढत तिने साहेबांच्या पायांपाशी नेली.

"काका, बसा," ती म्हणाली. आवाज चिरकाच निघाला. "आईला अजून वेळ लागणार आहे."