काळा दिवा

"शेक लागला की सांगा, काका. आणि डोळे मिटलेलेच ठेवा," फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या.

इस्त्रीवाल्याने डोळे मिटले. उजवा हात टेबलावर, दिव्याखाली होता. पक्षाघाताच्या झटक्यानंतर तो पुन्हा हलायला लागला होता, मुठीत इस्त्रीही धरता येत होती. फक्त त्या हाताला काही कळत नव्हतं. हाताला शेक कळतो असं मॅडमनी आज सांगितलं, तरच उद्या दुकान उघडणार होतं. नाहीतर इस्त्रीला शिवायचं नाही, असं बायकोने बजावलं होतं.

पापण्यांआड लाल उजेड पसरला.

"लागला," तो म्हणाला. मग अंधार झाला. "गेला."

चार वेळा विचारलं, चारही वेळा बरोबर. शेजारी बसलेल्या बायकोचा जीव भांड्यात पडला. त्याला स्वतःला काहीच वाटलं नाही, ना आनंद, ना लाज. ही युक्ती त्याला मागच्याच आठवड्यात सापडली होती. पण मॅडमही काही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हत्या.

चाकं सरकल्याचा आवाज आला.

"आता शेवटचं एकदा."

तो थांबला. पापण्यांआड काळोख. बराच वेळ नुसता काळोख.

"सुरू करा ना, मॅडम."

मग बायकोचा आवाज आला, "अहो, हात काढा." आणि तिनेच तो ओढून घेतला.

त्याने डोळे उघडले. समोर दुसराच दिवा होता. बल्बच्या जागी चिनी मातीचा काळा गोळा, उजेडाचा टिपूस नाही. हाताची पाठ मात्र लालबुंद झाली होती.

"लाल दिसतो तो नुसता उजेड, काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "शेक डोळ्यांना दिसत नसतो."

हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. तापलेली इस्त्री तरी कुठे वेगळी दिसते? तीस वर्षं तो ती गालाजवळ नेऊन जोखत आला होता.

खुर्ची पुढे ओढून तो वाकला आणि डावा गाल त्या काळ्या दिव्यापाशी नेला. वीतभर अंतरावर थांबला.

"सुतीला बरोबर आहे," तो म्हणाला. "रेशमाला जास्त होईल."