फवारणीचे कपडे

बायकोच्या हातांना महिनाभर मुंग्या येत होत्या, म्हणून शेतकरी तिला दवाखान्यात घेऊन आला.

"पिकावर औषध कोण फवारतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच. मास्क, हातमोजे, सगळं घालतो. हिला तर त्या दिवशी शेताकडे फिरकूही देत नाही," तो जरा ऐटीतच म्हणाला.

"आणि फवारणीचे कपडे कोण धुतं?"

संध्याकाळी ओले कपडे तो मोरीत टाकायचा आणि सकाळी ते दोरीवर दिसायचे. मधलं काही कधी त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याचा उतरलेला चेहरा पाहून बायकोच घाईघाईनं म्हणाली, "मशीन धुतं."

डॉक्टरीणबाई तसं लिहू लागल्या.

"आमच्याकडे मशीन नाही, डॉक्टर," तो खाली मान घालून म्हणाला. "हीच धुते."