एकमताने

लेक संस्कृती स्कूलबसमध्ये चढली की मनालीचा जीव जो टांगणीला लागायचा, तो ती घरी परतेपर्यंत. तोवर पहिलीतल्या मुलांच्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे प्रश्न सुरू. बस पोचली का? वर्गात कुणाला खोकला आहे का? आज डबा कुणी कुणी संपवला? सोमवारी सात रस्ता चौकातल्या गर्दीत बस दहा मिनिटं अडकली, तर मनालीबाईंनी एकटीने एकोणीस मेसेज टाकले. मग तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. आता या बायका आपल्याला ग्रुपमधून काढणार, या धास्तीने तिला जेवण जाईना.

झालं भलतंच. ग्रुपवर ॲडमिन निवडायला मतदान झालं आणि बत्तीसच्या बत्तीस मतं मनालीला पडली. त्यातलं एक तिचं स्वतःचं, पण बाकीची एकतीस तर खरी! तिने लगेच बसून नियम लिहिले. प्रत्येकीने दिवसाला एकच प्रश्न विचारायचा; दुसरा विचारला, तर शिक्षा म्हणून पहिलीची कविता चालीवर म्हणून ग्रुपवर टाकायची.

"एक बी मत फुटलं न्हाय? लई मान हाय की गं तुला!" सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. मनालीची मान आपोआप ताठ झाली.

चित्र रंगवत बसलेली संस्कृती वर न बघताच म्हणाली, "आमच्या मॅडम पण असंच करतात. जो सगळ्यात जास्त बडबड करतो ना, त्यालाच मॉनिटर करतात की."