भुकेची परीक्षा

पुनमताईने पाकिटाचं तोंड कापलं, थोडी पेस्ट वाटीत पिळली आणि वाटी अक्षरासमोर ठेवली. शेंगदाण्याचा गोडसर वास ओसरीभर पसरला. अक्षराने वाटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"जबरदस्ती करायची न्हाई, मावशी," पुनमताई नागम्माला म्हणाली. "नात आपल्या मनानं खाईल तर पाकिटं घरीच देता येतात. न्हाई खाल्लं तर आजच नांदेडच्या दवाखान्यात न्यावं लागंल. दंडाच्या मापाची पट्टी लाल रंगावर आली हाय."

दाराशी उभ्या असलेल्या सिंधूने ते ऐकलं. बिलोलीकडे उगाच भीती घालणारी माणसं पुष्कळ, पण अंगणवाडीची ही बाई त्यातली नव्हती.

"खा गं माझी माय," ती लेकीला म्हणाली.

कुणी वळून पाहिलं नाही. त्याची तिला आता सवय झाली होती. तापातून उठल्यापासून घरात कुणी तिच्याशी बोलतच नव्हतं. दीड वर्षाची पोर हिच्यामुळे वाळली, असा सासूबाईंचा राग असणार. आणि नागम्माचा राग म्हणजे काही साधासुधा नव्हे; एकदा वरणात मीठ जास्त पडलं म्हणून तिने अख्खी दिवाळी अबोला धरला होता. या वेळी तर चूलही पेटू दिली नव्हती. भाकरी शेजारून यायच्या. आतल्या कोपऱ्यात पीठ पसरलेलं, तेही कुणी झाडत नव्हतं. तिचा नवरा सुदर्शन एरवी तिला सांगितल्याशिवाय पानटपरीवरही जायचा नाही. आज तोसुद्धा भावकीला घेऊन मुकाट्याने नदीवर गेला होता.

रुसू देत किती रुसायचं ते. पोरीने खाल्लं म्हणजे झालं.

नागम्माने बोटावर पेस्ट घेतली आणि अक्षराच्या ओठाला लावली. पोरीने तोंड फिरवलं.

"बघा, पुन्हा दाराकडंच बघून राहिली," नागम्मा म्हणाली. "सारखी तिथंच नजर."

"दुधाची आठवण येत असंल."

"येणारच की." नागम्माने डोळ्याला पदर लावला.

सिंधू चकित झाली. लग्न होऊन आल्यापासून तिने सासूला रडताना पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात नागम्माचा मोबाइल वाजला. "अजून न्हाई?" ती म्हणाली. "मग थांबा तिथंच. ऊन चढू दे जरा."

अक्षरा अजून सिंधूकडेच बघत होती. तिने दोन्ही हात वर केले. सिंधू पुढे सरकली आणि थबकली. तिला माहेर आठवलं. धाकट्या भावाचं अंगावरचं दूध तोडायचं होतं, तेव्हा आई कडब्याच्या गंजीमागे लपून बसायची. आई दिसत राहिली की लेकरू दुसरं काही तोंडात घेत नाही, असं ती म्हणायची. इकडे भाऊ रडायचा, तिकडे गंजीमागे आई. शेवटी भाऊ भाकरीचा काला खायला लागला.

सिंधूचा पाय निघेना. इतक्या दिवसांत तिने पोरीला क्षणभर नजरेआड होऊ दिलं नव्हतं. पण वाटी तशीच भरलेली होती. तिने पोरीला डोळे भरून पाहून घेतलं, ओसरी उतरली आणि गोठ्यामागे जाऊन उभी राहिली.

अक्षरा रडली. फार रडली. सिंधूने कानांवर हात ठेवले, पण परत फिरली नाही.

मग रडणं थांबलं.

"मावशी, बोट चाटलं तिनं," पुनमताईचा आवाज आला. "आता बघा, वाटीच ओढून राहिली. पाणी पाजा मधीमधी."

"खा माझी बाय, खा," नागम्मा म्हणत होती. "अजून देते."

गोठ्यामागे सिंधू रडता रडता हसली. तिला एकदम हलकं वाटलं. आता घरात कुणी बोलो न बोलो.

मोबाइल पुन्हा वाजला. नागम्माने ऐकून घेतलं.

"सुदर्शन हाय," ती पुनमताईला म्हणाली. "आत्ता शिवला म्हणतो कावळा, सिंधूच्या पिंडाला."