शेवटचा आकडा

“आता आणखी काय तपासायचं राहिलंय, मॅडम?” डॉक्टरांनी फोनवर विचारलं. समोरच्या पडद्यावर चार नंबरच्या बेडचे आकडे होते: नाडी बहात्तर, ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. आकडे प्रोग्रामरचे होते. चाचणीसाठी ती बोटाला सेन्सरचा चिमटा लावून कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, त्या बेडवर पडून होती.

डॉक्टरांची घाई अकारण नव्हती. खालच्या मजल्यावर त्यांच्या आईची शस्त्रक्रिया नुकतीच आटोपली होती, आणि थोड्याच वेळात आईला याच बेडवर आणणार होते. नवी यंत्रणा सुरू झाली, तर त्यांना इथूनच तिच्यावर लक्ष ठेवता येणार होतं. मंजुरीचा कागद समोर होता. सहीसाठी पेन उघडलेलं होतं.

“चिमटा निघाला तर पडद्यावर काय दाखवायचं, हा माझा प्रश्न तसाच आहे,” ती म्हणाली.

“आणि माझं उत्तरही तेच आहे. शेवटचा आकडा राहू द्या. पेशंटने हात हलवला की चिमटा सरकतो, यंत्र बोंबलतं, सिस्टर धावतात. साप म्हणून भुई किती दिवस धोपटायची?”

“तुम्ही सांगितलंत तसंच केलंय.”

“मग अडलंय कुठे? तुम्हाला यंत्राची काळजी, मला माणसाची.”

महिनाभर प्रत्येक बैठक याच वाक्यांवर संपली होती. डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे क्षणभर हललेला हात होता. तिच्या डोळ्यांपुढे काय आहे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

फोनमध्ये काहीतरी खुडबुडलं. मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

“डॉक्टर, माझी तब्येत कशी आहे?”

“ठणठणीत. आकडा तसूभरही हललेला नाही. इतकी स्थिर नाडी हल्ली पाहायला मिळत नाही. आता उठा, आईला जागा करून द्या.”

“उठले.”

आवाज फोनमधून आला, आणि पाठीमागूनही. डॉक्टरांनी वळून पाहिलं. ती दारात उभी होती, धापा टाकत. बोटावर काहीच नव्हतं.

बाहेर लिफ्ट थांबली. स्ट्रेचरची चाकं कॉरिडॉरमध्ये वाजू लागली. डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं, पण नजर पडद्यावरून हटेना.

रिकाम्या बेडची नाडी बहात्तर होती.