दहा हजार एक

लेकीला गणितात पैकीच्या पैकी हवे होते आणि ती १०,००१ या संख्येपाशी अडली होती. पुस्तकामागच्या उत्तरांत 'मूळ संख्या' छापलं होतं, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. पण लेक विचारत राहिली, "कशावरून?"

मग धाकटा झोपला की आई भागाकार करत बसायची. तीनने जाईना, सातने जाईना, एकाहत्तरपर्यंत येता येता नाकी नऊ आले. चौथ्या दुपारी त्र्याहत्तरने भाग गेला, वर एकशे सदतीस आणि खाली शून्य. धाकटा रडत उठला, तरी तिने आधी उलटा गुणाकार करून पाहिला, मग त्याला घेतलं.

चाचणीत लेकीने तेच लिहिलं आणि लाल फुली घेऊन घरी आली. आईच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकट्याला कडेवर घेऊन तिने शाळा गाठली आणि तो कागद बाईंपुढे ठेवला.

बाईंनी गुणून पाहिलं. "जातोय हो भाग. पण ताई, पुस्तकात जात नाही ना. मला गुण पुस्तकाप्रमाणेच द्यावे लागतात."

"मग पोरीने खोटं लिहायचं?"

"पुस्तकातलं लिहायचं."

सहामाहीत तोच प्रश्न पुन्हा आला.



लेकीने लिहिलं, "शाळेत कशानेच भाग जात नाही, आमच्या घरी ७३ ने जातो," आणि बाईंनी निम्मे गुण दिले.