आबांच्या नावाची बाटली

बहारीनमधल्या रिफाहून मालकाची गाडी घेऊन शिवदास थेट इस्पितळाच्या रक्तपेढीत आला आणि बाही वर सारून खाटेवर आडवा झाला. वसईची नर्स सेलिन कार्ड भरायला बसली.

"पेशंट कोण?"

"आमचे आबा."

"कुठल्या वॉर्डात?"

"मुंबईला आहेत. आज हार्टचं ऑपरेशन. मालक रजेला नुसतं इंशाल्ला म्हणतो. घरच्या सगळ्यांनी रक्त दिलं, मीच तेवढा राहिलो."

सेलिनचं पेन थांबलं. "अहो, बहारीनचं रक्त तिकडे कसं पोचणार?"

"ठाऊक आहे, सिस्टर. तरी घ्या."

तिने कार्ड बाजूला ठेवलं, सुई टोचली आणि मुठीची उघडझाप करत राहायला सांगितलं. बाटली भरली. सुई काढून तिने कापूस दाबला, चहाही आणून दिला, तरी त्याची मूठ आपली चालूच.

"आता बस करा. रक्त पुन्हा वाहायला लागेल."

"राहू दे, सिस्टर. भाऊ काल ट्रंक कॉलवर सांगत होता, ऑपरेशन होईस्तोवर आबांचं काळीज बंद ठेवणार आहेत."